मेंदूची ठेच

स्वरांजली भोईटे दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा निकाल तिच्या नावावर लागला, पण खरं तर नापास तिचं घर झालं होतं. हे तिच्या वडिलांना, धनाजी भोईट्यांना, थोडं उशिरा कळलं. आधी एवढंच दिसलं की विजयपथ अकॅडमीचे सुभेदार कणसे सकाळी सकाळी फाटकाशी उभे आहेत आणि फाटकाशी त्यांची झटापट चालू आहे.

"सुभेदार, आधी सुतळी सोडा," धनाजींनी ओट्यावरून सांगितलं. "मग उचला. उचलून आत ढकला."

"फाटक उचलू?"

"जरासं. लेकरू उचलतो तसं."

सुभेदारांनी फाटक उचललं, आत आले, आणि पुन्हा खाली ठेवलं. ओट्यावर टेकायच्या आधी ते त्या सुतळीकडे बराच वेळ बघत राहिले. तेव्हाच धनाजींच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

कोनवडी हे सातारा जिल्ह्यातलं, घराघरातून फौजेत माणूस पाठवणारं गाव. भोईट्यांच्या घरातून मात्र कोणी गेलं नव्हतं. भोईटे पिढीजात मंडपवाले. आणि मंडप हा असा धंदा की त्यात कायमचं काहीच करायचं नसतं. वासे, सुतळी, कापड आणि थोडा देवावर भरवसा. लग्न लागलं, पंगती उठल्या, की सगळं सोडून टेम्पोत. "तीन दिवस टिकलं की झालं," असं धनाजींचे वडील म्हणत. धनाजींनी ते वाक्य इतक्या श्रद्धेनं जपलं की राहतं घरसुद्धा त्यांनी त्याच बोलीवर उभं केलं. फरक इतकाच की मंडप तीन दिवसांनी सोडत, घर सोडायचं राहून गेलं होतं.

अशा घरातल्या एकुलत्या एका पोरीनं फौजेच्या तांत्रिक विभागात जायचं ठरवलं होतं. रणगाडे दुरुस्त करायचे होते तिला. त्यासाठी यांत्रिक कल चाचणी द्यावी लागे.

ही चाचणी पूर्वी कागदावर होई. पहिलं चाक उजवीकडे फिरलं तर चौथं कुठं फिरेल, तरफेचा टेकू कुठं सरकवला तर ओझं हलकं लागेल, असले प्रश्न. कणसे सुभेदारांच्या अकॅडमीत पोरं याची उत्तरं पाढ्यांसारखी म्हणत. "विषम चाकं सुलट, सम चाकं उलट," असा गजर रोज सकाळी शेजारच्या गोठ्यापर्यंत ऐकू जाई, आणि म्हशींचंही ते पाठ झालं असावं. त्या काळात एक पोरगा जवळजवळ पैकीच्या पैकी गुण मिळवून भरती झाला आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं विचारलं, की पाना कुठल्या टोकाला धरायचा. अशी बरीच रत्नं गोळा झाल्यावर कागद बंद झाला आणि टोपी आली.

टोपीमागचं शास्त्र तसं सोपं आहे. मेंदू हा मूळचा ज्योतिषी. पुढच्या क्षणी काय घडणार याचं भाकीत तो आधीच करून ठेवतो, आणि ते बहुतेक वेळा खरं ठरतं म्हणून आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. भरलेली समजून रिकामी घागर उचलली की हात वर उडतो. जिना संपल्यावर आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकला की पोटात खड्डा पडतो. भाकीत चुकलेलं असतं. त्याच वेळी मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते आणि माणसाला कळायच्या आत विरूनही जाते. ही लाट शास्त्रज्ञांना जुनी ओळखीची होती. नवं इतकंच झालं की यंत्र बघताना उठणारी लाट बाकीच्या शेकडो लाटांमधून वेगळी निवडता येऊ लागली. मग उमेदवाराच्या डोक्यावर ओलसर लोकरी नमद्याचे ठिपके लावलेली टोपी चढवायची, समोरच्या पडद्यावर दंतचक्रं, कप्प्या, पिस्टन चालू ठेवायचे, आणि अधूनमधून एखादं चाक भलत्याच दिशेला फिरवायचं. प्रश्न विचारायचाच नाही. ज्याला यंत्राची खरी जाण असते त्याच्या मेंदूला तिथं ठेच लागते. ज्याला नसते त्याचा मेंदू निवांत पुढं निघून जातो. पाढे घोकता येतात. ठेच घोकता येत नाही.

"हा पोरीचा आलेख," म्हणत सुभेदारांनी फोन पुढं केला. पडद्यावर एक रेघ होती. उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखी, सपाट आणि कोरडी.

"ह्यात काय बघायचं?"

"काहीच नाही, हेच बघायचं. चाक उलटं फिरलं, ठेच नाही. पिस्टन मध्येच अडकला, ठेच नाही. बटण बंद केल्यावर पंखा चालू झाला, भोईटे, तरी पोरीच्या मेंदूला काही वाटलं नाही."

"आमचा पंखा तसाच आहे," धनाजी म्हणाले.

"मी तेच सांगायला आलोय."

तेवढ्यात स्वरांजली चहा घेऊन आली. स्वयंपाकघराचं दार तिनं कमरेच्या धक्क्यानं उघडलं, वाटेतल्या कूलरला जाता जाता एक चापट दिली, तो सुरू झाला, आणि एकही थेंब न सांडता तिनं कप ठेवले. सुभेदारांनी धनाजींकडे बघितलं. धनाजींनी पोरीकडे कौतुकानं बघितलं.

मग घराची तपासणी झाली. फौजेत सामानाची होते तशी. न्हाणीघरातला नळ डावीकडे फिरवल्यावर बंद होई. भिंतीवरचं घड्याळ पुढं होतं, आणि त्यातून किती वजा करायचं हे घरात सगळ्यांना पाठ होतं. बाहेरच्या खोलीतल्या पंख्याचं बटण स्वयंपाकघरात होतं, स्वयंपाकघरातल्या दिव्याचं न्हाणीबाहेर, आणि न्हाणीबाहेरच्या दुसऱ्या बटणानं काय होतं हे कोणीच करून बघितलं नव्हतं. मिक्सरचं झाकण उडू नये म्हणून त्यावर वाण्याकडचं जुनं लोखंडी माप ठेवलेलं असे. जिन्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच होती. स्वरांजली ती न बघता चढायची. सुभेदार दोनदा अडखळले.

"पोरगी हुशार आहे," शेवटी ते म्हणाले. "पण तिच्या मेंदूनं लहानपणापासून एवढंच बघितलंय की यंत्र म्हणजे उलटं चालणारी वस्तू. सरळ काय ते त्याला ठाऊकच नाही. ठेच लागणार कशी? वयाच्या अटीत आता एकच संधी उरलीय, पुढच्या हिवाळ्यातली. तोवर घर सरळ करा."

"अहो, म्हणजे काय करू?"

"दुरुस्त करा. दुसरं काय."

धनाजींच्या बायकोनं, रोहिणीनं, आतून पदराला हात पुसत येऊन हे ऐकलं. "नळ दुरुस्त करा म्हणून लग्न झाल्यापासून माझा घसा कोरडा पडला," ती म्हणाली. "तेव्हा नाही हलले. आता फौजेला यावं लागलं."

फक्त एका गोष्टीवर धनाजी अडून बसले. स्वरांजलीच्या खोलीत दिव्याच्या बटणाला त्यांनी कधी काळी चमच्याची दांडी जोडली होती, आणि दांडीच्या टोकाला सुतळी, आणि सुतळीच्या टोकाला एक लाकडी मणी. पोरगी लहानपणी अंधाराला भिई आणि तिचा हात बटणापर्यंत पोचत नसे. मणी ओढला की दिवा लागे. विझवायला मात्र मोठं माणूस यावं लागे. पण विझवायची घाई तिला कधीच नव्हती. आता ती बापाच्या खांद्याच्या वर गेली होती आणि तरी रोज वाकून मणीच ओढत होती.

"हे राहू द्या," धनाजी म्हणाले. "ह्यानं काय बिघडत नाही."

"बटण वर, दोरी गुडघ्याशी, आणि पोरगी वाकतेय," सुभेदार म्हणाले. "ह्यानंच सगळ्यात जास्त बिघडतं."

स्वरांजलीनं कात्री आणली. "पप्पा, शेवटचा चान्स आहे," ती म्हणाली आणि तिनंच कापली. मणी फरशीवर टणटण वाजत पलंगाखाली गेला. धनाजींनी तो काढला, सुतळी त्याभोवती गुंडाळली आणि खिशात टाकली. मंडपवाल्याच्या खिशात सुतळी असतेच, त्यामुळे कोणाचं लक्ष गेलं नाही.

घर बिघडायला वर्षं लागली होती. सरळ करायला त्याहून जास्त लागणार अशी लक्षणं दिसू लागली, कारण ते काम करणारा माणूस मिळेना. नळवाला आला, त्यानं नळ दोन्हीकडे फिरवून बघितला आणि विचारलं, "पाणी येतंय?"

"येतंय."

"मग चालतंय की. चालत्या नळाला कशाला हात लावायचा, दादा?"

गवंड्याला पायरी समपातळीत पाहिजे म्हणून सांगितलं तेव्हा तो खिन्न झाला. त्याची पाणसळ नातवानं खेळायला घेतली होती आणि नातवाला तिच्या पाण्यात मासा सोडायचा होता. वायरमननं सगळी बटणं जागच्या जागी लावून दिली, आणि त्या दिवशी घरातला प्रत्येक माणूस अंधारात उभा राहून दुसऱ्या खोलीतला पंखा चालू करत होता, कारण हात जुन्या जागीच जात होते.

सरळ घरात राहणं हा एक वेगळाच ताप निघाला. रोहिणीनं सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराला कंबर मारली. दार आता बोटानं उघडत होतं. भाकरीच्या टोपलीसकट ती थेट फ्रीजवर जाऊन आदळली. घड्याळ बरोबर लावल्यावर घरातले सगळे त्यातूनही वजाबाकी करू लागले, आणि भोईटे मंडपवाल्यांना त्यांच्या हयातीत पहिल्यांदा लग्नाच्या कामाला उशीर झाला. धनाजींनी नळ उघडायच्या नादात घट्ट पिळून पिळून त्याचा आटा मोडला. मग तो पुन्हा दुरुस्त करावा लागला, आणि पुन्हा नळवाला म्हणाला, "मी म्हटलं होतं."

"मला ह्या घरात पाहुणी असल्यागत वाटतंय," रोहिणी म्हणाली.

"पाहुण्यांना निदान चहा तरी मिळतो," धनाजी म्हणाले. त्यांच्या हातात पेचकस होता. महिनाभर तो हातातच होता.

पण टोपीला फरक पडला. अकॅडमीत सरावाची जुनी टोपी होती. सुभेदार आठवड्याला एकदा ती स्वरांजलीच्या डोक्यावर चढवत आणि फोनवर आलेख पाठवत. सपाट रेघेला हळूहळू काटे फुटू लागले. आधी एक, मग मोजके, मग बाभळीसारखे. सुभेदारांनी पेढे वाटले. पेढे खाताना स्वरांजलीनं सांगितलं की पेढ्यांच्या पेटीचं झाकण एका बाजूनं मोठं आहे.

ही सुरुवात होती. सरळ झालेला मेंदू एकट्या टोपीपुरता सरळ राहत नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं. तिला आता सगळीकडे ठेच लागू लागली. शेजारच्या काकूंकडे चहाला गेली तर त्यांचं टीपॉय डुगडुगतं म्हणून ती पूर्ण वेळ त्याचा पाय धरून बसली. देवळातली घंटा मधोमध नाही म्हणून तिला हात जोडता येईनात. एसटीत बसली तर मागच्या चाकातून काहीतरी चुकीचं ऐकू येतंय असं तिनं कंडक्टरला सांगितलं. कंडक्टर म्हणाला, "ताई, पुढच्यातून पण येतंय. तिकीट कुठलं?"

आणि मग मे महिन्यात, माने गुरुजींच्या मुलीच्या लग्नात, ती बापाच्या मंडपात आली.

मंडप भरला होता. पंगत बसायची होती. धनाजी नवी टोपी घालून गुरुजींशेजारी उभे होते, झालरीची तारीफ ऐकत. स्वरांजली आली, वर बघितलं, आणि थबकली.

"पप्पा, तो तिसरा खांब."

"काय झालं त्याला?"

"चुकीचा आहे."

"खांब चुकीचा कसा असेल? खांब हाय तो."

"त्याच्या ताणाचा दोर उलट्या बाजूला आहे. वारा आला तर तो बसणार. मला इथं कळतंय," असं म्हणून तिनं कपाळाला हात लावला.

"तुझ्या जन्माच्या आधीपासून मंडप घालतोय मी. एक पडला नाही."

"तो पडेपर्यंत कुठलाच पडत नाही, पप्पा."

हे ती हळू बोलली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. पण गुरुजींनी ऐकलं, गुरुजींच्या व्याह्यांनी ऐकलं, आणि पंगतीत बसायला आलेली माणसं खांबाकडे बघत उभी राहिली. धनाजींना नव्या टोपीसकट शिडीवर चढावं लागलं. शंभर माणसांच्या देखत त्यांनी ताण सोडला आणि पलीकडच्या खुंटीला बांधला. खालून कोणीतरी विचारलं, "शिकाऊ हाय का?"

वारा आला नाही. मंडप पडला नाही. त्यामुळे बाप आणि लेक दोघांचंही म्हणणं सिद्ध झालं, आणि पावसाळा सरला तरी दोघं एकमेकांशी रोहिणीमार्फतच बोलत होते.

"तिला म्हणावं जेवायला चल," धनाजी म्हणत.

"त्यांना म्हणावं ताट टेबलाच्या कडेला आहे, पडेल," स्वरांजली म्हणे.

"माझ्याही मेंदूला कोणीतरी टोपी घाला," रोहिणी म्हणे, "म्हणजे ह्या घरात अजून शहाणं कोण आहे ते कळेल."

दिवाळी झाली आणि सुभेदार पुन्हा आले. या वेळी त्यांनी आठवणीनं सुतळी शोधली, ती नव्हती. आठवणीनं फाटक उचलायला गेले. फाटक बोट लागताच उघडलं आणि सुभेदार अंगणातल्या तुळशीपर्यंत धावत आले.

"निकष बदलले," ते दम घेत म्हणाले.

धनाजींनी पेचकस खाली ठेवला.

झालं होतं ते असं. टोपीनं निवडलेली पहिली तुकडी कामावर रुजू झाली होती. एकाहून एक तल्लख पोरं, मेंदू ओळंब्यासारखे सरळ. पण अशा मेंदूंना सरळ यंत्रांची सवय असते, आणि डोंगरावरच्या चौकीत सरळ यंत्र नसतं. असं सांगतात की एका चढावर ट्रकचा पट्टा तुटला आणि चार तज्ज्ञ त्याच्याभोवती उभे राहिले. चौघांच्याही मेंदूला उत्तम दर्जाची ठेच लागली. मग पुन्हा लागली. हात मात्र कोणाचा हलला नाही. तेव्हा वर बसलेल्या कोणाच्या तरी लक्षात आलं की ठेच लागणं हे अर्धंच काम. ठेच लागल्यावर हाताला हुकूम देणारा मेंदूचा भाग किती लवकर जागा होतो, तेही मोजलं पाहिजे. टोपीला ते मोजता येत होतंच. आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"म्हणजे बिघाड कळलाही पाहिजे आणि बिघाडाचं काही वाटताही कामा नये," सुभेदारांनी सारांश सांगितला. "परीक्षा माघात आहे. भोईटे, घर जरा बिघडवावं लागेल."

धनाजींनी सुभेदारांना ओट्यावर बसवलं. मग त्यांनी फार शांतपणे विचारलं, "सुभेदार, तुम्ही लढाईत कधी होता का?"

"होतो की."

"मग तिथनं जिवंत आलात हे माझं नशीब म्हणायचं, का तुमचं?"

तरीही दुसऱ्या दिवशी त्यांनी घर बिघडवायला घेतलं. करणार काय, पोरीचा प्रश्न होता. आणि तेव्हा त्यांना कळलं की बिघाड मुद्दाम करता येत नाही. तो वर्षानुवर्षं नेटानं केलेल्या दुर्लक्षातूनच उगवतो. त्यांनी दाराच्या बिजागरीचा एक स्क्रू काढला. स्वरांजली आली, दार बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, पप्पांना सांग, स्क्रू त्यांच्या डाव्या खिशात आहे." घड्याळ मागं केलं तर तिनं नुसतं त्याच्याकडे बघून हसून पुढं केलं. नळ उलटा बसवायला नळवाल्याला बोलावलं. तो आला, ऐकून घेतलं आणि मग धनाजींच्या तब्येतीची चौकशी करून निघून गेला.

टोपीनंही तेच सांगितलं. काटे भरपूर, पण हात झोपलेला. ठेच लागायची आणि पोरगी तिथंच बसून राहायची, चढावरच्या त्या चौघांसारखी.

तुळशीची लग्नं लागली आणि माणसांची सुरू झाली. धनाजी टेम्पोत वासे भरत होते. स्वरांजली येऊन उभी राहिली. मे महिन्यानंतर पहिल्यांदा ती थेट बोलली.

"मी येते मंडपावर."

"खांब चुकीचे असतात तिथं."

"म्हणून तर येते."

धनाजींनी टेम्पोत जागा करून दिली.

मंडपाची एक गंमत आहे. घर एकदा बिघडलं की तसंच बिघडलेलं राहतं आणि माणूस त्याला सरावतो. मंडपाला दर वेळी नवी जमीन, नवा उतार, नवा वारा. एका अंगणात खुंटी ठोकावी तर खाली कातळ. दुसरीकडे आंब्याची फांदी बरोबर मधल्या खांबाच्या जागी, आणि घरमालक म्हणणार की झाड आजोबांनी लावलंय, फांदी तोडायची नाही. कुठं वासा आखूड, कुठं कनात उसवलेली, कुठं वरातीचा ट्रॅक्टर ताणातूनच गेलेला. रोज काहीतरी चुकलेलं, पण रोज वेगळं. स्वरांजली उभी राहायची, कपाळाला आठी पडायची, "इथं काहीतरी चुकतंय," म्हणायची. धनाजी वरून सुतळीचं टोक सोडायचे आणि म्हणायचे, "मग धर."

एवढंच. शिकवणं असं काही झालं नाही. दोन वेढे, एक पीळ, शेपूट आत, ही मंडपाची गाठ तिला त्यांनी दाखवलीसुद्धा नाही, तिनं हातांकडे बघून उचलली. पहिल्या पहिल्यांदा आठी पडण्यात आणि टोक धरण्यात बराच वेळ जायचा. मग कमी झाला. पौषात जावळाच्या एका कार्यक्रमात वावटळ आली तेव्हा आठी पडायच्या आत तिचा हात ताणावर होता. धनाजी शिडीवरून बघत होते.  त्या दिवसापासून झालर लावायच्या आधी ते खाली उतरून बाजूला उभे राहू लागले. "बघ गं," म्हणत. ती बघे. मगच झालर चढे.

परीक्षेचं केंद्र एका मंगल कार्यालयात होतं. बाहेर उमेदवारांच्या पालकांसाठी मंडप घातला होता. धनाजींनी आत शिरताच वर बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "कोणी घातलाय हा? आठवडाभर टिकेल असा बांधलाय. गाठी सोडताना बोटं मोडतील."

दारावरच्या बाईंनी स्वरांजलीच्या डोक्यातला चाप काढायला लावला. धातू चालत नव्हता, रबरात तार असते म्हणून रबरही नाही. केस मोकळे सोडले तर टोपी बसणार नाही. रांग मागून पुढं ढकलत होती. धनाजींनी खिशात हात घातला. मण्याभोवती गुंडाळलेली सुतळी निघाली. पोरीनं मणी बघितला, बापाकडे बघितलं, केस बांधले आणि आत गेली.

बाहेर आली तेव्हा केस मोकळे होते.

"काय झालं?" धनाजी मंडपातून पुढं आले.

"झाली परीक्षा."

"केस का सुटले?"

दोघं रसवंतीच्या बाकावर बसली. बाक डुगडुगत होता. स्वरांजलीनं जमिनीवरची एक चपटी कपची पायानं त्याच्याखाली सरकवली आणि सांगू लागली.

"टोपीचा हनुवटीखालचा पट्टाच तुटलेला, पप्पा. तिथला माणूस एका हातानं टोपी दाबून धरतो, दुसऱ्या हातात चहा. चहा प्यायला की हात हलतो, हात हलला की टोपी हलते, टोपी हलली की आलेखाला काटे. माझ्या आधीच्यांचे सगळे आलेख भरलेले होते. त्याला म्हटलं, टोपी हलतेय. म्हणाला, सकाळपासून चालतंय की."

"असंच म्हणणार."

"मग मी केसांची सुतळी काढली आणि पट्ट्याच्या जागी बांधली. तो म्हणाला, तुम्ही यंत्राला हात लावला, आता लिहून द्यावं लागेल. मग पडद्याकडे बघून चहाच विसरला. टोपीची नोंद आधीच चालू होती. पडद्यावर चाक यायच्या आधीच माझा पहिला काटा पडला होता आणि लगेच हात जागा झालेला. म्हणाला, असला आलेख बघितला नाही."

धनाजींनी रसाचा पेला खाली ठेवला. "कुठली गाठ मारली?"

"मंडपाची."

"मंडपाची?" ते वैतागून म्हणाले. "अगं, तीन दिवस टिकते ती."

"परीक्षा आजच संपली, पप्पा."

"तुझी संपली. मागच्या पोरांचं काय? सुतळी कुठाय?"

"त्यानं काढूच दिली नाही. राहिलेल्यांना लागेल म्हणाला."

स्वरांजली पास झाली. निकाल आला त्या दिवशी सुभेदारांनी पुन्हा पेढे वाटले आणि झाकणाकडे कोणी बघू नये म्हणून पेटी आधीच फोडली. फाल्गुनात ती प्रशिक्षणाला गेली. फाटकातून बाहेर पडताना फाटकानं आवाजसुद्धा केला नाही, आणि त्यामुळे रोहिणीला ती गेली हे कळायला उशीर झाला, आणि त्याबद्दल तिनं धनाजींना बरंच ऐकवलं.

त्यानंतर एकदा धनाजी कामासाठी परीक्षा झालेल्या शहरात गेले होते. वाट वाकडी करून ते चाचणीचं कंत्राट असलेल्या कचेरीत गेले. पोरीनं सांगितलेला चहावाला माणूस तिथंच होता. टोपी काचेच्या कपाटात होती, आणि टोपीला सुतळी. मणी हनुवटीच्या जागी लोंबत होता. सुतळीला एक छोटा पिवळा कागद चिकटवला होता. त्यावर एक क्रमांक होता आणि पुढं लिहिलं होतं: सुतळी, मण्यासह, नग एक.

"ही माझी आहे," धनाजी म्हणाले. "घेऊन जातो."

"आता नाही देता येणार, काका. नोंद झालीय ना. काढली तर टोपी बंद पडेल."

"मग नवा पट्टा लावा."

"मागवलाय."

"कधी येणार?"

"येईल," तो माणूस म्हणाला. "तोवर ही तात्पुरती व्यवस्था आहे." आणि मग, समजूत घातल्यासारखं, "अजून ढिली झाली नाही, बरं का."

धनाजींना यावर रागवावं की छाती फुगवावी हे ठरवता आलं नाही. घरी येईपर्यंत ते तेच ठरवत होते. आल्यावर त्यांनी टेम्पोतून सुतळीचा गुंडा काढला, माळ्यावरून चमच्याची दांडी शोधली आणि स्वरांजलीच्या खोलीत स्टुलावर चढले. मणी नव्हता, म्हणून टोकाला एक बटाट्याएवढी गाठ मारली.

रोहिणी दारात येऊन उभी राहिली. "हे आता कोणासाठी?"

"सुट्टीला येईल तेव्हा."

"अहो, तिचा हात छताला लागेल आता. आणि मेंदू सरळ झालाय तिचा. बटण वर, दोरी खाली, हे बघून ठेच लागेल तिला."

"लागू दे," धनाजी गाठ आवळत म्हणाले. "घरी आल्याचं कळेल."